दवाखान्याचे दप्तर कोणाचे?

सरकारी दवाखान्यात जे दप्तर ठेवले जाते ते कोणाच्या मालकीचे, असा प्रश्न आज आम्ही आमच्या शेतकरी, मजूर व कारागीर बंधुभगिनींपुढे मांडीत आहोत. ज्याच्या हाती लेखणी आणि ज्याच्या कपाटाला कुलूप त्याचेच ते दप्तर, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे, आणि कपाटवाल्यांचीही तीच आहे. ही समजूत खोटी आहे. ती खोटी असल्याचे आम्ही कायद्याच्या आधाराने दाखविणार आहोत. आणि ती खरी मानून गप्प बसल्याने काय होते, हे पाहण्यासाठी तर आपल्या यवतमाळ जिल्ह्याबाहेर जाण्याचीही गरज नाही.

प्रथम दप्तर म्हणजे काय ते पाहू. आम्ही शाळामास्तर. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आम्हीच लिहितो, आम्हीच जपतो, वाळवीपासून आम्हीच राखतो. पण साठ वर्षांपूर्वी शिकून गेलेल्या एखाद्या सुताराचा नातू जातीच्या दाखल्यासाठी उतारा मागावयास आला, तर ‘रजिस्टर माझे आहे, देत नाही’ असे म्हणण्याची आमची छाती नाही. ज्यांची नावे त्यात आहेत त्यांचे ते रजिस्टर. आम्ही फक्त राखणदार. तीच गोष्ट जुन्या कोतवाल बुकाची. आजा केव्हा जन्मला, पणजी केव्हा वारली, याची एक ओळ सापडावी म्हणून आपले लोक तहसिलीच्या पायऱ्या झिजवितात, कारण त्या एका ओळीवर नातवाचे शिक्षण व नोकरी अडून राहिलेली असते. सरकारी दप्तरातल्या ओळीची किंमत आपल्या लोकांस कोणी शिकवावयास नको. मग दवाखान्याच्या दप्तरापाशी आल्यावरच आपण हात जोडून मागे का सरतो?

आता २०१७ सालची गोष्ट घ्या. त्या पावसाळ्यात पऱ्हाटी माणसाच्या डोक्याला लागली होती, किडींनी व बोंडअळीने जोर केला होता, आणि मजूर पहाटेपासून पंप पाठीवर घेऊन फवारत होते. पीक उंच असले म्हणजे फवाऱ्याचे तुषार पायांवर न पडता तोंडावर येतात. दमट उष्म्यात भिजलेले कपडे अंगालाच चिकटून राहतात. आपण त्याला औषध म्हणतो. पण पिकाचे ते औषध माणसाचे विष असते. जुलै-ऑगस्टपासून चक्कर, उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी, श्वास कोंडणे अशा तक्रारी घेऊन माणसे दवाखान्यांत येऊ लागली. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्यांची रीघ लागली. एकट्या आपल्या जिल्ह्यात आठशेच्या आसपास माणसे दवाखान्यात पोचली आणि विसाहून अधिक दगावली. साऱ्या विदर्भाचा हिशेब केला तर मेलेल्यांचा आकडा पन्नासाच्या घरात जातो. कित्येकांची दृष्टी अधू झाली.

परंतु याचा बोभाटा झाला तो सप्टेंबर सरताना. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या हाताखाली विशेष तपास पथक नेमले गेले ते ऑक्टोबरात. पाच औषधांची विक्री यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाणा व वाशीम या जिल्ह्यांत साठ दिवसांपुरती बंद करण्याचा हुकूम निघाला तो नोव्हेंबरात, म्हणजे फवारणीचा भर ओसरल्यावर. त्या पाचांपैकी एक, मोनोक्रोटोफॉस, बंद करण्याचा केंद्र सरकारचा हुकूम निघावयास २०२३ साल उजाडले.

येथे आमचा मुद्दा वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. आर्णीचा मजूर पडला तर ते त्याच्या बायकोला कळते. वणीचा पडला तर त्याच्या शेजाऱ्याला कळते. उपाशीपोटी फवारले असेल, ऊन लागले असेल, असे म्हणून जो तो आपल्या घरापुरते समाधान करून घेतो. आर्णी, वणी, घाटंजी, राळेगाव, पांढरकवडा या सर्व ठिकाणची माणसे एकाखाली एक लिहिलेली सापडतात अशी जागा सबंध जिल्ह्यात एकच, ती म्हणजे दवाखान्याची नोंदवही. एक ओळ एका माणसाचे दुखणे सांगते. वीस ओळी एकत्र वाचल्या म्हणजे त्या जिल्ह्यावरचे संकट सांगतात. त्याच लक्षणांचा विसावा रोगी दाखल झाला त्या दिवशी तो आकडा गावोगावच्या फळ्यावर लागला असता, दवंडी पिटली गेली असती, तर एकविसाव्याने पंप उचलण्यापूर्वी क्षणभर विचार केला नसता काय? त्याच्या मायने त्याचा हात धरला नसता काय?

डॉक्टरांनी माहिती दडवून ठेवली असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी रात्रंदिवस खपून शेकडो जीव वाचविले, हे उघड आहे. आमचे म्हणणे इतकेच की, आकडा वहीत होता, ज्याला त्याची गरज होती तो शेतात होता, आणि दोहोंच्या मध्ये वाट नव्हती.

ही वाट दोन्हीकडून बंद होती, हेही सांगितले पाहिजे. रोग्याने कोणते विष अंगावर घेतले ते कळल्याखेरीज डॉक्टरचाही हात चालत नाही. काही विषांवर ॲट्रोपीनचा उतारा चालतो, काहींवर खास उताराच नाही. रक्तातील कोलिनेस्टरेज तपासले म्हणजे विषाची जात व जोर यांचा अंदाज येतो. ती तपासणी त्या वेळी यवतमाळच्या रुग्णालयात होत नव्हती. डब्यावर लाल, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोण छापलेला असतो, लाल सर्वांत जहाल. आणि आत उताऱ्याची माहिती सांगणारी चिठ्ठी प्रादेशिक भाषेतही असावी असा नियम १९७१ पासून आहे. पण डबा राहतो मालकाच्या घरी वा कृषी केंद्रात, दोन-तीन औषधांचे मिश्रण होते ड्रमात, आणि मजुराच्या वाट्याला येतो फक्त भरलेला पंप. त्याने डॉक्टरला सांगावे तरी काय?

आता कोणी म्हणेल, अशी मोजदाद ठेवणे ही नवी कल्पना आहे, तिला वेळ लागेल. नाही हो! कीटकनाशकांचा कायदा १९६८ सालचा आहे. फवारणीत वा हाताळणीत झालेल्या विषबाधेचा प्रत्येक प्रसंग नेमून दिलेल्या अंमलदारास कळविला पाहिजे, असा हुकूम राज्य सरकारला काढता यावा, ही तजवीज त्यातील २६ व्या कलमात आहे. म्हणजे २०१७ सालच्या आधी एकोणपन्नास वर्षे कायदा करणाऱ्यांस ठाऊक होते की हे विष माणसाला लागेल आणि लागले तर ते मोजावे लागेल. मात्र नेमलेल्या इसमाने अंमलदारास कळवावे, एवढ्यावर ते कलम थांबते. ज्याच्या अंगावर विष पडते त्याला कोणी कळवावे, हे १९६८ च्या कायद्यात लिहिलेले नाही. ती उणीव २००५ च्या माहितीच्या अधिकाराने भरून काढली. तिकडे आम्ही पुढे वळू.

त्याआधी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये स्वित्झर्लंड देशातील पब्लिक आय या संस्थेने व तिच्या इकडील सहकाऱ्यांनी जाहीर केले की, यवतमाळच्या सरकारी कागदपत्रांत ‘पोलो’ या एका औषधाशी जोडलेल्या विषबाधेच्या ९६ नोंदी आहेत आणि त्यांपैकी दोघांचा मृत्यू झाला आहे. हे औषध सिंजेंटा या कंपनीचे. त्यातील डायफेंथियुरॉन हे द्रव्य खुद्द स्वित्झर्लंडात २००९ पासून वापरातून बाद आहे. एक्कावन्न बाधितांच्या वतीने तिकडे तक्रारही गुदरली गेली. कंपनीने दोष नाकारला आहे, आणि खरेखोटे ठरविणे आमच्या लेखाचे काम नव्हे. आम्हांस नवल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. आपल्या जिल्ह्यातील आपल्याच माणसांच्या नोंदी सात समुद्रांपलीकडे छापून आल्या, तेथील लोकांनी त्या वाचल्या. आणि ज्या गावची माणसे त्यांत मोजली आहेत त्या गावच्या पंचायतीच्या फळ्यावर त्या कधी लागल्या नाहीत. आपल्या घरची बातमी आपणांस परक्या मुलखातून कळावी, यापरता विपर्यास कोणता?

आता दुसरी बाजू पाहा. ३१ जानेवारी २०२१ रोजी, पोलिओच्या दिवशी, घाटंजी तालुक्यात भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतील कापसी-कोपरी गावी पाच वर्षांखालील बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. चूक भयंकर होती. परंतु ती उघडकीस आली, मुलांना तात्काळ यवतमाळला नेण्यात आले, नजरेखाली ठेवण्यात आले आणि ती वाचली. काम करणाऱ्या तिघांवर निलंबनाची कारवाई झाली. येथे डॉक्टरांना ठाऊक होते की पोटात काय गेले आहे, आणि आईबापांनाही ठाऊक होते. चूक बोलून दाखविल्याने आरोग्य खात्याची अब्रू जाते, असे ज्यांस वाटते त्यांनी या बारा मुलांकडे पाहावे.

दप्तराचा प्रश्न केवळ साथीपुरता नाही. तो घरातल्या चुलीपर्यंत येतो. गावची मंडळी कागद वाचून घ्यावयास आमच्याकडे येतात, म्हणून हे आम्ही रोज पाहतो. दवाखान्यातून घरी सोडताना मिळालेल्या चिठ्ठीवर इंग्रजीत ‘अज्ञात विष’ एवढेच दोन शब्द असतात. विष अंगावर पडले की पोटात घेतले, हे त्यावरून कोणी कसे सांगावे? आणि सारे काही तर त्यावरच अवलंबून! गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत जंतुनाशक हाताळताना विषबाधा होऊन शेतकरी मेला तर वारसांस दोन लाख रुपये मिळतात. आत्महत्या असेल तर काही मिळत नाही. म्हणजे फवारणीचा उल्लेख राहून गेला की विधवेचे दोन लाख अडतात, आणि वर मेलेल्या माणसाच्या नावाला नको तो डाग लागतो. ज्याच्या नावावर सातबारा नाही अशा मजुराची अवस्था याहून वाईट. धंदा बसलेला लोहार, चांभार, कुंभार आज ऐन हंगामात रोजाने फवारावयास जातो. त्याला ना जमीन, ना त्या योजनेचा आसरा. आपणांस काय झाले याचा त्याच्यापाशी एकच पुरावा, तो म्हणजे दवाखान्याचा कागद.

हा कागद मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. डॉक्टरांच्या वर्तनाविषयी भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली केलेले नियम असे सांगतात की, दाखल रोग्याचे कागद तीन वर्षे जपून ठेवावेत, आणि रोग्याने वा त्याने नेमलेल्या माणसाने मागितल्यास बहात्तर तासांच्या आत द्यावेत. हा नियम खासगी डॉक्टरांसही लागू आहे. तेव्हा चिठ्ठी घेताना तेथेच म्हणावे, ‘साहेब, फवारताना झाले आहे, तसे लिहा, औषधाचे नाव हे आहे.’ आणि सोबत रिकामा डबा वा त्यावरचा कागद न्यावा. एवढे केले तरी डॉक्टरला उपचार सोपा होतो आणि घरच्यांना पुढची दाद सोपी होते.

आता माहितीच्या अधिकाराकडे वळू. २००५ च्या या कायद्याने सरकारी दप्तर पाहण्याचा, टिपणे घेण्याचा व नक्कल मागण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास दिला आहे. माहिती कशासाठी हवी हे सांगावे लागत नाही. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावे. ते लिहून घेण्यास मदत करणे माहिती अधिकाऱ्यास बंधनकारक आहे. एका विषाची माहिती आज चार दारी विखुरलेली असते: प्राथमिक केंद्र जिल्हा परिषदेकडे, मोठे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, औषधाचे परवाने कृषी खात्याकडे, पंचनामा पोलिसांकडे. चुकीच्या दारी अर्ज गेला तरी तो पाच दिवसांत योग्य दारी पाठविणे हे त्या कचेरीचे काम आहे, आपले नव्हे.

अर्ज साधा असावा. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे विषय एक व शब्द दीडशेच्या आत. मजकूर इतकाच: अमुक साली जून ते ऑक्टोबर या काळात आपल्या रुग्णालयात फवारणीच्या विषबाधेने किती रोगी आले, किती मेले, ते तालुकावार व आठवडावार सांगावे, औषधाचे नाव नोंदले असल्यास द्यावे, रोग्यांची नावे नकोत. वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. दारिद्र्यरेषेखालील इसमास पुरावा जोडल्यास फी नाही. उत्तर तीस दिवसांत आले पाहिजे. माणसाच्या जिवाचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. न आल्यास तीस दिवसांच्या आत त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे पहिले अपील, आणि तेथेही दाद न लागल्यास नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे दुसरे. विनाकारण अडविणाऱ्या अधिकाऱ्यास दिवसाला अडीचशे रुपये, पंचवीस हजारांपर्यंत, पदरचा दंड होऊ शकतो.

याहून महत्त्वाचे चौथे कलम आहे, आणि तेच आपले लोक विसरतात. कोणी मागण्याची वाट न पाहता लोकांना लागणारी माहिती सरकारने आपण होऊन सांगावी, स्थानिक भाषेत सांगावी, असे ते कलम म्हणते. कशी सांगावी याचाही त्यात खुलासा आहे: सूचना फलक, वर्तमानपत्र, जाहीर घोषणा. म्हणजे आपला गावचा फळा व आपली दवंडी या दोन्ही गोष्टी देशाच्या कायद्यात बसतात!

यावर आक्षेप येतील ते आम्हांस ठाऊक आहेत. पहिला, लोकांत घबराट होईल. आमचे उत्तर असे की, २०१७ साली घबराट झालीच, पण ती मृत्यू होऊन गेल्यावर झाली. आधी झाली असती तर तिला सावधपणा म्हटले असते. दुसरा, रोग्याचे खासगीपण. हे आम्ही मनापासून मानतो. कोणाच्या घरात कोणता आजार हे चव्हाट्यावर येऊ नये. २०२३ सालच्या डिजिटल माहितीच्या कायद्याने खासगी माहितीचे कलम अधिकच आवळले आहे. परंतु आम्ही नावे मागतच नाही. आकड्याला नाव नसते, आणि नाव वगळून उरलेले द्यावे अशी सोय कायद्यात पहिल्यापासून आहे. तिसरा, कंपनीचे व्यापारी गुपित. औषध कसे बनविता ते आम्ही विचारीत नाही. ते किती माणसांना लागले एवढे विचारतो, आणि माणसांचे मरण हे कोणाच्या व्यापारातले गुपित होऊ शकत नाही. चौथा आक्षेप उघड बोलला जात नाही, पण मनात असतो: खेडूताला आकड्यांतले काय कळते? ज्याला बाजारात कापसाच्या क्विंटलमागे दहा रुपये पडले की लगेच कळते, त्याला आपल्या तालुक्यात या आठवड्यात सात जण पडले हे कळणार नाही काय?

सबब आमच्या मागण्या तीन आहेत. जून ते ऑक्टोबर दर आठवड्याला फवारणीच्या विषबाधेचा तालुकावार आकडा व औषधाचे नाव प्रत्येक आरोग्य केंद्राच्या व ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लिहावे. घरी सोडतानाची चिठ्ठी मराठीत असावी व फवारणीचा उल्लेख तीत स्पष्ट असावा. आणि आदल्या हंगामाचा सबंध हिशेब दरवर्षी पेरणीपूर्वी ग्रामसभेत वाचून दाखवावा.

या मागण्या वर्तमानपत्रात छापून आल्याने पुऱ्या होणार नाहीत. १५ ऑगस्टची ग्रामसभा ऐन फवारणीत येते. त्या सभेत प्रत्येक गावाने हा एक ठराव मांडावा, आणि त्याच आठवड्यात एक अर्ज टाकावा. लिहावयाचे अडले तर गावची सातवी-आठवीची पोरे बसवावीत. दीडशे शब्दांचा अर्ज त्यांना सहज लिहिता येतो, आणि नागरिकशास्त्राचा धडाही होतो. सभेला बायकांनी अवश्य यावे, कारण ड्रमात पाणी त्याच ओततात, विषाने भिजलेले कपडे त्याच धुतात, आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात रात्र काढण्याची पाळी त्यांच्यावरच येते. अर्ज नाकारला गेला तर नाकारल्याचे लेखी उत्तर जपून ठेवावे व अपील करावे. एका गावच्या अर्जाला कचेरी टोलवील. सोळा तालुक्यांतून अर्ज गेले तर तिला फळ्यावर आकडा लिहिणेच सोपे वाटेल.